फायनलवर स्पीड किती ठेवायचा? सेस्ना १७२ घेऊन पहिल्यापासून हिशेब

परवा एका स्टुडंटला विचारलं, फायनलवर (रनवेच्या सरळ रेषेत उतरायचा शेवटचा टप्पा) ७५ नॉट का ठेवलास रे, तर म्हणाला सर, तुम्ही ६५ सांगितलंय ते लक्षात आहे, पण वारा थोडा होता म्हणून पाच वाढवले आणि अजून पाच सेफ्टीला. उत्तर ऐकायला एकदम समंजस वाटतं, मुलगाही मन लावून शिकणारा आहे, आणि म्हणूनच मला हे सगळं नीट लिहून काढावंसं वाटलं. कारण हा 'सेफ्टीचा पाच नॉट' प्रत्येकजण आपल्या खिशातून टाकतो, इन्स्ट्रक्टर एक पाच टाकतो, पुस्तकात आधीच मार्जिन धरलेलं असतं, त्यावर स्टुडंट आपला पाच टाकतो, आणि मग विमान रनवेवर तरंगत बसतं, टेकायचं नाव घेत नाही.

खाली जे आकडे देतोय ते सेस्ना १७२एस चे आहेत, कारण आपल्याकडे फ्लाइंग शिकणाऱ्यांपैकी खूप जणांचे तास याच विमानावर होतात आणि मीही यावरच शिकवतो. तुमचं विमान वेगळं असेल तर पद्धत हीच, आकडे मात्र तुमच्या विमानाच्या पीओएच (पायलटसाठीचं अधिकृत हँडबुक) मधले. मित्राने सांगितलेला आकडा नको, मोबाईलमध्ये कुठून तरी आलेली पीडीएफ पण नको, त्या विमानात ठेवलेलं पुस्तक बघा.

आधी पुस्तकातला आकडा

१७२एस च्या पीओएच मध्ये नॉर्मल लँडिंगसाठी फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या पट्ट्या) वर असतील तर ६५ ते ७५ नॉट आणि फुल फ्लॅप असतील तर ६० ते ७० नॉट असं दिलंय. शॉर्ट फील्डला (छोट्या रनवेवर उतरताना) फुल फ्लॅप आणि ६१ नॉट. हे सगळे आकडे इंडिकेटेड, म्हणजे डायलवर दिसतो तो स्पीड. सर्किटमध्ये (रनवेभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) आपण ६५ सांगतो तो ६० ते ७० च्या बरोब्बर मधला, तो काही आकाशातून पडलेला नाही.

लहान सेस्ना १५२ वर असाल तर फुल फ्लॅपला ५५ ते ६५ आणि शॉर्ट फील्डला ५४. १५२ वरून १७२ वर येणारी पोरं पहिले दोन दिवस हळू येतात आणि १७२ वरून १५२ वर गेलेली हमखास फास्ट येतात, हातात जुना आकडा बसलेला असतो ना. आणि एक गोष्ट, फार जुन्या १७२ मध्ये स्पीडचा डायल मैलात असतो. ६५ नॉट म्हणजे जवळपास ७५ मैल. मैलाच्या डायलवर ६५ ठेवलात तर प्रत्यक्षात ५६-५७ नॉटवरच उडताय, त्यामुळे नवीन विमानात बसलात की पहिल्यांदा डायलवर युनिट काय लिहिलंय ते वाचा.

१.३ चा नियम आणि त्यातला खड्डा

पुस्तकात अप्रोच स्पीड दिला नसेल तर लँडिंग कॉन्फिगरेशनमधल्या (उतरायच्या स्थितीतल्या) स्टॉल स्पीडच्या, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान तोलू शकत नाही त्या वेगाच्या, १.३ पट ठेवा, असं अमेरिकेची विमान नियामक संस्था एफएए पण सांगते आणि ग्राउंड क्लासमध्येही तेच शिकवतात. नियम बरोबर आहे, पण तो लावताना बरेचजण चुकतात. कसं ते बघा.

१७२एस च्या एअरस्पीड इंडिकेटरवर पांढरी पट्टी ४० पासून सुरू होते. म्हणजे फुल फ्लॅपला स्टॉल ४० नॉट. ४० गुणिले १.३ केलं तर ५२ येतात. मग पुस्तक ६१ का सांगतंय? एका स्टुडंटने मला हे विचारलं तेव्हा मला फार आनंद झाला, कारण त्याने खरंच गुणाकार करून बघितला होता.

कारण असं की स्टॉलच्या जवळ नाक खूप वर असतं, पिटॉट ट्यूबमध्ये (स्पीड मोजणाऱ्या बाहेरच्या नळीत) हवा तिरकी शिरते, आणि डायल खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. पीओएच मधल्या स्टॉल स्पीडच्या टेबलात दोन कॉलम असतात, एक इंडिकेटेड आणि एक कॅलिब्रेटेड, म्हणजे डायलची चूक काढून टाकलेला. पूर्ण वजनाला फुल फ्लॅपचा इंडिकेटेड स्टॉल ४०, पण कॅलिब्रेटेड ४८. चक्क ८ नॉटचा फरक. १.३ चा गुणाकार नेहमी कॅलिब्रेटेडवर करायचा. ४८ गुणिले १.३ म्हणजे ६२.४, आणि हे परत इंडिकेटेडमध्ये आणलं की ६१ च्या आसपासच येतं, अप्रोचच्या वेगाला ही चूक बरीच कमी झालेली असते. म्हणजे पुस्तकातल्या ६१ मध्ये १.३ चं मार्जिन आधीच बसवलेलं आहे. ५२ नॉटने कोणी फायनलवर आला तर त्याच्याकडे १.३ चं मार्जिन उरलेलं नाही, आणि ६१ वर 'सेफ्टीचे' पाच टाकणारा तेच मार्जिन दुसऱ्यांदा टाकतोय.

१५२ वर पण हेच. पांढरी पट्टी ३५ पासून, कॅलिब्रेटेड स्टॉल ४३, गुणिले १.३ म्हणजे ५६, आणि पुस्तक सांगतं ५४ इंडिकेटेड. एकदा वहीवर स्वतः करून बघा, मग कधी विसरणार नाही.

वजन, जे कोणी मोजत नाही

या लेखातला मला सगळ्यात जास्त सांगावासा वाटणारा भाग हाच.

पुस्तकातले स्टॉल स्पीड कमाल वजनाचे आहेत. १७२एस साठी २५५० पाउंड, म्हणजे ११५७ किलो. तुम्ही त्या वजनाने कधी लँड करता? कमाल वजनापर्यंत भरून निघालात आणि लगेच परत आलात तरच. ट्रेनिंगमध्ये हे जवळपास कधीच होत नाही.

स्टॉल स्पीड वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. कॉकपिटमध्ये वर्गमूळ काढायची गरज नाही, सोपी युक्ती आहे: वजन जितके टक्के कमी, त्याच्या निम्मे टक्के स्पीड कमी. वजन १० टक्के कमी असेल तर स्पीड ५ टक्के कमी.

आता खरं उदाहरण घेऊ. समजा तुमचं विमान रिकामं १६८० पाउंड आहे (प्रत्येक विमानाचं वेगळं असतं, वेट अँड बॅलन्सच्या कागदावर बघा). मी आणि स्टुडंट मिळून ३२० पाउंड. तासाभराच्या सॉर्टीनंतर टाकीत ४० गॅलन उरलंय, ६ पाउंड प्रति गॅलन धरून २४० पाउंड. एकूण २२४०. कमाल वजनापेक्षा साधारण १२ टक्के कमी, म्हणजे स्पीड ६ टक्के कमी, ६१ चे झाले ५७.

आता मी विमानातून उतरलो आणि स्टुडंटला म्हणालो, जा बाबा, एक सर्किट एकटा मार. स्टुडंट १५५ पाउंडाचा, पेट्रोल ३० गॅलन म्हणजे १८० पाउंड. एकूण २०१५. आता वजन २१ टक्के कमी, युक्तीने स्पीड साडेदहा टक्के कमी. ६१ चे झाले साधारण ५४-५५. (बारीक हिशेब कॅलिब्रेटेडमध्ये करायला हवा, पण समजायला एवढं पुरतं.)

आणि तो पोरगा काय ठेवणार? ६५, कारण तेच शिकवलंय. घाबरून ७०. म्हणजे त्या वजनाला जेवढा हवा त्यापेक्षा १५ नॉट जास्त. पहिल्या सोलोला विमान रनवेवर तरंगत राहतं, बलून होतं (टेकता टेकता परत वर जातं), त्याचं एक मोठं कारण हे आहे. पोराचे हात एका रात्रीत खराब झालेले नसतात, विमान हलकं झालेलं असतं आणि कोणी त्याला ते आकड्यात सांगितलेलं नसतं.

माझ्या स्वतःच्या दुसऱ्या सोलोला हेच झालं. थ्रेशोल्डवर (रनवेच्या सुरुवातीच्या कडेवर) ७४ होते, मला वाटलं ठीक आहे, थोडं फ्लोट होईल. फ्लोट संपेचना. अर्धा रनवे मागे गेला, मला समोरचं टोक दिसायला लागलं आणि मी काय केलं तर नाक खाली दाबलं, टेकवायचंच म्हणून. नोज व्हील आधी टेकलं, विमान उसळलं, मी परत दाबलं, परत उसळलं. तिसऱ्यांदा उसळायच्या आधी थ्रॉटल पूर्ण आत टाकला आणि गो-अराउंड केलं (न उतरता परत वर गेलो), म्हणून आज लिहितोय. खाली आल्यावर आमच्या सरांनी ओरडा नाही केला. वही काढली, माझं वजन विचारलं, पेट्रोल विचारलं, आणि वरचा हिशेब मला करायला लावला. मी तो दिवस विसरलेलो नाही.

याचा अर्थ सोलो स्टुडंटने उद्यापासून ५४ ठेवायचे असा अजिबात नाही. तुमच्या इन्स्ट्रक्टरने ६५ सांगितलंय तर ६५ च, तुमचा हात बसेपर्यंत त्यात मुद्दाम थोडं मार्जिन ठेवलेलं असतं. अर्थ एवढाच की ६५ मध्ये तुमच्याकडे आधीच भरपूर शिल्लक आहे, त्यात अजून घालायची गरज नाही. आणि ६५ वरून थ्रेशोल्ड ओलांडताना ६०-६१ झाले तर दचकून थ्रॉटल मारू नका.

डायमंड डीए-४० वर जाल तेव्हा दिसेल की तिथे मॅन्युअलमध्येच वजनानुसार वेगवेगळे अप्रोच स्पीड दिलेत. मला ते फार आवडतं, पायलटला आधी वजन बघायलाच लागतं.

वारा: कशाला वाढवायचं, कशाला नाही

समोरून एकसारखा १२ नॉट वारा आहे. किती वाढवायचे? शून्य. पंखाला हवेतला स्पीड कळतो, जमिनीचा कळत नाही. एकसारखा समोरचा वारा ही फुकट मिळालेली मदत आहे, ग्राउंड स्पीड कमी होतो, रोल कमी लागतो. पुस्तकात तर लिहिलंय की समोरच्या दर ९ नॉट वाऱ्याला लँडिंगचं अंतर १० टक्क्यांनी कमी होतं. ती मदत स्पीड वाढवून परत का द्यायची?

वाढवायचं ते झोतासाठी, म्हणजे वाऱ्याच्या अचानक येणाऱ्या जोरासाठी. मेटारमध्ये (विमानतळाच्या हवामान अहवालात) २७०१५जी२५केटी असं आलं तर वारा १५ आणि झोत २५ पर्यंत. फरक १०, त्याचा निम्मा ५. ६५ अधिक ५, म्हणजे ७०. कारण सरळ आहे, तुम्ही झोतात असाल आणि झोत अचानक गेला तर तेवढा स्पीड एका झटक्यात कमी होतो, विमानाला जमिनीच्या मानाने वेग पकडायला वेळ लागतो. हा निम्मा नियम बहुतेक सगळीकडे चालतो. झोताचा फरक २० च्या वर गेला तर वाढवायचं गणित करत बसू नका, त्या दिवशी हलकं विमान आणि शिकाऊ पायलट यांनी जमिनीवरच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक, जमिनीजवळ वारा मंदावतो, झाडं, हँगर, टेकाड यांच्यामुळे. ३०० फुटांवर समोरून २० होता तो ५० फुटांवर १० झालेला असतो, आणि तेवढ्यात डायलवरचा काटा घसरतो. इथे उपाय आधीच ढीगभर स्पीड घेऊन येणं नाही. शेवटच्या २०० फुटांत डोळा दर दोन सेकंदांनी डायलवर जायला हवा आणि हात थ्रॉटलवरच राहायला हवा. जी१००० (डिजिटल स्क्रीनचं पॅनल) असेल तर स्पीडच्या पट्टीशेजारी जी रेष दिसते ती पुढच्या ६ सेकंदांत स्पीड कुठे जाणार ते दाखवते, तिचा उपयोग करा.

क्रॉसविंडला (आडव्या वाऱ्याला) क्रॉसविंड म्हणून स्पीड वाढवायचा नाही. पुस्तक म्हणतं जोराच्या क्रॉसविंडला रनवेच्या लांबीला पुरतील इतकेच कमीत कमी फ्लॅप घ्या. फ्लॅप कमी म्हणजे स्टॉल स्पीड जास्त, म्हणून स्पीड आपोआप थोडा वर जातो, तो फ्लॅपमुळे. फ्लॅप अजिबात नसतील तर शॉर्ट फील्डच्या ६१ वर ९ नॉट वाढवा आणि अंतर ३५ टक्के जास्त धरा असं पीओएच सांगतं, म्हणजे ७०. फ्लॅपची मोटर बंद पडली तर हाच आकडा, पाठ करून ठेवा.

मागून येणारा वारा मात्र वाईट. दर २ नॉटला अंतर १० टक्के वाढतं. समोरच्या ९ नॉटने जेवढं कमावलं तेवढं मागच्या २ नॉटने घालवलं, यावरून समजा.

उन्हाळा: डायल तोच, जमीन वेगळी

नागपूर-गोंदिया पट्ट्यात मे महिन्यात दुपारी ४४ डिग्री म्हणजे रोजचंच. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण हजार फूट उंच, पण त्या तापमानाला हवा इतकी पातळ होते की डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या पातळपणावरून धरलेली उंची) ५००० फुटांच्या घरात जातं. मग स्पीड वाढवायचा का? नाही. डायल पण त्याच पातळ हवेवर चालतो, आणि पंख पण. ६५ ला पंखाला जे वाटायला हवं तेच वाटतं. पण खरा वेग हजार फुटांना साधारण २ टक्के जास्त, म्हणजे ६५ दाखवताना तुम्ही ७० पेक्षा थोडे जास्तच जाताय.

इथे डोळा फसवतो. जमीन जोरात मागे पळताना दिसते, मनात येतं आपण फास्ट आहोत, आणि हात नकळत नाक वर ओढतो. बेस लेगवर (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावर) मागून वारा असेल तरी अगदी हेच होतं. जमिनीकडे बघून स्पीड ठरवू नका, डायलकडे बघून ठरवा. आणि रनवे जास्त लागेल हे आधीच धरून चाला. आपल्याकडच्या ट्रेनिंगच्या रनवेवर १७२ ला जागेची चणचण नसते, म्हणूनच तर वाईट सवयी झाकल्या जातात. उद्या छोट्या पट्टीवर जायची वेळ आली की त्या उघड्या पडतात.

आकडा लिहा, मगच खाली या

सर्किट जॉइन करायच्या आधी नीबोर्डवर (मांडीवर बांधलेल्या पाटीवर) एक आकडा लिहायचा. वजन साधारण किती, फ्लॅप किती, झोताचे किती. 'फुल फ्लॅप, ६५, झोत नाही.' बस. आणि मोठ्याने बोला, शेजारी कोणी नसलं तरी. डोक्यात ठेवलेला आकडा फायनलवर कसा वाढत जातो ते मी इतक्या वेळा पाहिलंय की मी आता लिहिलेला नसेल तर सर्किटच देत नाही.

मग उडवायचं कसं. मी जसं शिकवतो ते सांगतो, आरपीएम चे आकडे तुमच्या विमानाला थोडे इकडेतिकडे होतील.

डाउनविंडला (रनवेला समांतर, उलट दिशेच्या टप्प्यावर) ९० नॉट, हजार फूट. थ्रेशोल्ड बरोबर शेजारी आला की आरपीएम १५०० वर, स्पीड ११० च्या खाली आहे बघून १० डिग्री फ्लॅप. इथे सगळे एक चूक करतात, थ्रॉटल कमी केला की लगेच नाक खाली सोडतात. नाही, नाक तिथंच धरा, स्पीड ८० पर्यंत उतरू दे, आणि मग ट्रिम (योकवरचा दाब काढून टाकणं). ट्रिम झाला का हे ओळखायची खूण म्हणजे दोन सेकंद योक (विमानाचं स्टिअरिंग) दोन बोटांत सैल धरून बघा, नाक हललं नाही तर झाला.

बेसवर वळलात की ८५ च्या खाली २० डिग्री फ्लॅप, स्पीड ७० ते ७५, परत ट्रिम. फायनलवर लाइन अप झाल्यावर रनवे मिळणार हे नक्की असेल तर फुल फ्लॅप, ६५, परत ट्रिम. तीन फ्लॅप, तीन ट्रिम. ज्याचा ट्रिम बरोबर त्याचा स्पीड निम्मा आपोआप बरोबर, हे मी अगदी छातीठोकपणे सांगतो. स्पीडच्या मागे धावणाऱ्या प्रत्येक स्टुडंटच्या हातात मला घट्ट आवळलेला योक दिसलाय.

स्पीड नाकाने की थ्रॉटलने, यावर भांडणं खूप. या विमानावर शिकताना सोपं असं की नाकाने स्पीड, थ्रॉटलने उतरायचा उतार. पण दोन्ही एकमेकांत अडकलेले आहेत. ७२ झालेत आणि ६५ हवेत तर नाक किंचित वर, आणि त्याचवेळी साधारण १०० आरपीएम कमी, नाहीतर नाक वर केलं की विमान उतारापेक्षा वर जाईल, मग तुम्ही नाक खाली कराल, आणि परत ७२. फक्त एकाच हाताने दुरुस्ती करणारे फायनलभर असे वरखाली होत राहतात.

उतार बरोबर आहे का बघायला सोपा हिशेब: ग्राउंड स्पीड गुणिले ५. ६५ ला ३२५ फूट प्रति मिनिट म्हणजे ३ डिग्रीचा उतार. सर्किटमध्ये आपण यापेक्षा थोडे तिरके येतो, ४०० ते ५००, ते चालतं. ८०० दिसायला लागले तर तुम्ही उंच आहात आणि नाक खाली टाकून ती उंची स्पीडमध्ये बदलताय, जे फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलताना) सगळं वसूल होणार.

३०० फुटांवर एक दरवाजा आहे असं समजा. तिथे स्पीड लिहिलेल्या आकड्यापेक्षा ५ च्या वर नाही आणि आकड्याच्या खाली तर नाहीच, फ्लॅप सेट, सेंटरलाइनवर, उतार बरोबर. नसेल तर गो-अराउंड. 'होईल पुढे ठीक' हे त्या दरवाजात चालत नाही.

वळताना

बेसवरून फायनलला वळताना ओव्हरशूट झालं की बँक (विमानाचं एका बाजूला कलणं) वाढवायचा मोह होतो. ३० डिग्री बँकला स्टॉल स्पीड ७ टक्के वाढतो, ४५ ला १९ टक्के, ६० ला ४१ टक्के. १० डिग्री फ्लॅपला पूर्ण वजनाचा कॅलिब्रेटेड स्टॉल ५०, तो ६० डिग्री बँकला जवळपास ७१ होतो. तुम्ही बेसवर ७० ठेवलेत. मार्जिन संपलं, आणि उंची पाचसहाशे फूट. त्यात रडर (शेपटीचं सुकाणू) जास्त दाबून नाक ओढून आणायचा प्रयत्न केला तर विमान स्पिनमध्ये (गिरक्या घेत खाली) जातं आणि एवढ्या उंचीवरून ते सावरता येत नाही. ३० च्या वर बँक नाही, ओव्हरशूट झालं तर होऊ दे, लाइनच्या पलीकडे जा, हळू परत या किंवा गो-अराउंड करा. या एका जागी कमी स्पीड माणसं मारतो, त्यामुळे कमी स्पीडला हलकं घेऊ नका. मी जास्त स्पीडबद्दल एवढं बोलतोय ते फायनलच्या शेवटाबद्दल, बेसच्या वळणाबद्दल नाही.

थ्रेशोल्ड ते टच डाउन

आता ते १० जास्त नॉट इथे काय करतात ते बघू. ६५ ऐवजी ७५ म्हणजे स्पीड १५ टक्के जास्त, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, ती ३३ टक्के जास्त. ही ऊर्जा कुठेतरी जायला हवी. आणि जमिनीजवळ, पंखाच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर (१७२ चा पंख ३६ फूट), ग्राउंड इफेक्टमुळे ड्रॅग (हवेचा विरोध) कमी होतो, म्हणजे स्पीड उतरायलाच तयार नसतो. ६५ नॉट म्हणजे सेकंदाला ११० फूट. पाच सेकंद तरंगलात की साडेपाचशे फूट रनवे गेला. पूर्ण वजनाला, समुद्रसपाटीला, शॉर्ट फील्ड पद्धतीने उतरल्यावर १७२एस चा ग्राउंड रोल पुस्तकात ५७५ फूट आहे. म्हणजे जेवढ्यात विमान थांबायला हवं तेवढं तुम्ही नुसतं तरंगण्यात घालवलंत.

थ्रॉटल रनवे नक्की मिळाल्यावर सावकाश बंद करायचा, १५-२० फुटांवर नजर रनवेच्या दूरच्या टोकाकडे, नाक हळूहळू सपाट, आणि मग विमानाला टेकू द्यायचं नाही, धरून ठेवायचं, धरून ठेवायचं, ते स्वतः बसेल. स्टॉल वॉर्निंग हॉर्न स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधी वाजायला लागतो. मेन व्हील टेकताना तो वाजला तर समजा तुमचा स्पीड बरोबर होता. कधीच वाजत नसेल तर तुम्ही रोज फास्ट उतरताय, टायर आणि नोज व्हील ते सोसतायत.

बलून झालं, म्हणजे फ्लेअरमध्ये विमान परत वर गेलं, तर नाक खाली ढकलू नका. थोडं असेल तर तीच स्थिती धरा, चिमूटभर पॉवर द्या आणि परत बसू द्या. जास्त असेल तर गो-अराउंड. बाउन्स झाला तरी तेच. नाक दाबून टेकवणं ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्यात प्रॉपेलर, नोज गिअर आणि फायरवॉल तिन्ही जाऊ शकतात.

गो-अराउंड: थ्रॉटल पूर्ण आत, फ्लॅप लगेच २० वर, उजवा रडर. आणि ट्रिम लँडिंगचा आहे हे लक्षात ठेवा, पूर्ण पॉवरला नाक स्वतःहून जोरात वर जाईल, ते दाबून धरायला लागतं. स्पीड पकडला, चढ दिसला, मग उरलेले फ्लॅप टप्प्याटप्प्याने. फ्लॅप एका झटक्यात शून्य केलेत तर विमान खाली बसतं.

डायलच गेला तर

पावसाळ्याच्या आगेमागे कुंभारमाशी पिटॉट ट्यूबमध्ये मातीचं घर करते. विमान दोन दिवस उभं राहिलं तरी पुरतं. १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताजवळ बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ कोसळून १८९ जण गेले, एका पिटॉट ट्यूबमध्ये अडथळा आला होता आणि तपासात संशय अशाच माशीच्या घरावर होता. म्हणून पिटॉट कव्हर घालायला आळस करू नका, आणि प्रीफ्लाइटला भोकात नुसतं बघू नका, नीट वाकून बघा. फुंकर मात्र मारायची नाही, त्याने इन्स्ट्रुमेंट खराब होतं. टेक-ऑफ रोलमध्ये काटा हलला नाही तर तिथेच थांबायचं.

आणि हवेत गेला तर? तेव्हा पॉवर आणि नाकाची स्थिती हेच तुमचं स्पीडोमीटर. म्हणून माझ्याकडे सोलोच्या आधी प्रत्येकाला दोन सर्किट डायलवर कागद चिकटवून मारावी लागतात. १५०० आरपीएम, फुल फ्लॅप, क्षितिज काचेच्या कुठल्या रेषेवर येतं ते डोळ्यात भरून घ्यायचं, वाऱ्याचा आवाज ऐकायचा, योक किती जड लागतो ते हाताला कळू द्यायचं. पहिल्या सर्किटला सगळे घाबरून फास्ट येतात. दुसऱ्याला मी फायनलवर विचारतो, किती असतील रे, आणि मग कागद काढतो. ज्या दिवशी सांगितलेला आणि डायलवरचा आकडा दोनतीन नॉटच्या आत जुळतो, त्या दिवशी मी उतरतो आणि दार बाहेरून लावून घेतो.